तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी कायले लिहून ठेवता?

"काऊन हो गुरुजी, मोबाइलवर तं दिसते सारं, मंग तुम्ही पाणी कायले लिहून ठेवता?" टपरीवर बसलं की हा प्रश्न येतोच. पाणी म्हणजे आमच्याकडे पाऊस; रोज किती पडला ते मी अंगणातल्या पर्जन्यमापकात मोजून वहीत लिहितो. तिथं मी हसून वेळ मारून नेतो. आता तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगतो.

खूळ लागलं ते समुद्राकाठच्या एका जागेमुळे. गणिती केरूनाना छत्र्यांविषयी पोरांना सांगायचं म्हणून वाचत होतो. नागावचा हा पोरगा मिसरूड फुटायच्या वयात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदी घ्यायला लागला. वेधशाळा कंपनी सरकारनं १८२६ साली बांधली, ती ताऱ्यांच्या वेधांसाठी आणि जहाजांना वेळ कळावी म्हणून. हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून. मला तिथल्या महिन्याच्या तक्त्यांपेक्षा त्यामागची रोजची नोंद भावली.

महिन्याची बेरीज फसवी असते. माझ्या वहीत दोन जुलै आहेत, बेरीज जवळपास सारखी. एका साली पाणी टप्प्याटप्प्यानं आलं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कंबरेला लागली. दुसऱ्या साली सगळं पहिल्या चार दिवसांत कोसळलं आणि पुढे एकोणीस दिवस टिपूस नाही. नाल्याकाठचं सोयाबीन कुजलं, बरडावरचं वाळलं. बेरीज पाहणारा म्हणेल, पाणी तर चांगलं झालं!

म्हणून सकाळी साडेआठला चहा बाजूला ठेवून मोजपात्र डोळ्यांसमोर धरायचं, पाण्याचा खालचा वाक ज्या रेघेला टेकेल तो आकडा लिहायचा. अडीच मिलिमीटर भरलं तर पावसाचा दिवस, नाहीतर नुसती भुरभुर. कोरडं गेलं तरी ०.० लिहायचं. रकाना कोरा सोडला, तर पाणी आलं नाही की मी सोयऱ्याकडे लग्नाला गेलो होतो, हे कळणार कसं?

त्याचा पैशात उपयोग झाला म्हणाल, तर नाही. सरकारी भरपाईसाठी अतिवृष्टी धरायला महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, मापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर लागतात. एकदा माझ्याकडे ८१ भरले आणि मंडळाच्या गावी चाळीसही नाहीत. ढगाला मंडळाची शीव कुठं ठाऊक! माझी वही कोणी उघडूनही पाहिली नाही.

पण कुलाब्याची एक गोष्ट मला कामी आली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं चुंबकाच्या नोंदी बिघडणार. तेव्हा पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. लोखंडाचा स्पर्श नको म्हणून पोरबंदरी दगड आणि पितळ-तांबं वापरून इमारती उभ्या केल्या. पण १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. जुन्या आकड्यांची गाठ नव्याला बसावी म्हणून. हे वाचून मी थोडा वेळ वही मिटून बसलो होतो.

कारण आमच्या अंगणातला कडुलिंब मापकावर झुकत चालला होता. अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं, इथं तर फांदीच डोक्यावर. मग मागच्या हंगामात दुसरा मापक धुऱ्यापासून आत, मोकळ्या वावरात रोवला आणि दोन्हीकडे मोजलं. वावरातला बहुतेक दिवशी थोडा जास्त भरला. वाऱ्याच्या पावसात फरक मोठा, सरळ पावसात नगण्य. यंदाही दोन्हीकडे मोजतो आहे. घरचे म्हणतात, झाडच तोडा ना. पण दुपारी खाट त्याच्याच सावलीत असते.