उघड्यावरची झेड-फोर आणि कव्हरची उस्तवार

बीएमडब्ल्यूची झेड-फोर, म्हणजे दुमडता येणाऱ्या कापडी टपाची गाडी, बेळगावात छपराविना ठेवायची म्हटल्यावर कव्हर घेतलं ते पावसाच्या भीतीनं. वर्ष फिरल्यावर हिशेब उलटा निघाला. धूळ, ऊन आणि पाखरांची शिट यांना कव्हर चोख अडवतं, पावसाळ्यात मात्र कव्हरचीच राखण करावी लागते.

बाजारात मिळणारं 'सेडान' मापाचं तयार कव्हर या गाडीला बसत नाही. झेड-फोर ४३२४ मिमी लांब, १८६४ रुंद आणि अवघी १३०४ उंच. २०२० ची होंडा सिटी ४५४९ लांब, १७४८ रुंद, १४८९ उंच. म्हणजे सिटीचं कव्हर घातलं तर चाकांवरच्या फुगवट्यांना ते ताणून बसतं आणि टपावर वीतभर ढिलं पडतं. ढिल्या जागेत वारा शिरला की फडफड सुरू होते आणि खाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरासारखी फिरते. रंगावरचा पारदर्शक थर पन्नासेक मायक्रॉनचा, त्याला किती दम असणार? आरशांच्या कडा, बंपरचे कोपरे आणि मागच्या चाकांवरचा फुगवटा इथं रेघा आधी उठतात.

म्हणून सीट कव्हर शिवणाऱ्याकडून मापानं शिवून घेतलं. माहितीपत्रकातले आकडे शिंप्याच्या कामाचे नाहीत, कारण ते सरळ रेषेतले असतात. टेप अंगावरून वळवून घ्यावी लागते: पुढच्या बंपरच्या खालच्या कडेपासून बॉनेट, काच, टप, डिकी करत मागच्या बंपरच्या खालपर्यंत, मग आडवं माप तीन ठिकाणी, पुढची चाकं, आरसे आणि मागची चाकं. आरशांना वेगळे खिसे हवेतच. टपाच्या मधोमध शिवण येऊ द्यायची नाही, पाणी सुईच्या भोकांतूनच आत येतं. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओल धरून कुजतो. इलॅस्टिक फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाला. चेन, धातूची कडी, बकल काहीही धातूचं नको.

कापड निवडताना डब्यावर 'पाच थर' लिहिलंय का हे बघण्यापेक्षा दोन चाचण्या घ्या. कापडाचा खोलगट झोळ करून त्यात पेलाभर पाणी दहा मिनिटं ठेवा, खालून हात फिरवा. मग वाफाळत्या चहाच्या कपावर तेच कापड ताणून त्यावर कोरडा काचेचा पेला उपडा घाला. आतून धुकं धरलं तर कापड वाफ सोडतं. चंदेरी मुलामा दिलेलं स्वस्त पॉलिएस्टर पहिल्या चाचणीत पास होतं, दुसरीत नापास. असं कापड जमिनीतून वर येणारी ओल रात्रभर कोंडतं, सकाळी कव्हर आतून घामेजलेलं मिळतं. शिवाय दोन उन्हाळ्यांत मुलामा सुटून त्याची पापडी रंगाला चिकटते. बारीक छिद्रांच्या पडद्याचं न विणलेलं कापड आणि आतून फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ कापड, ही जोडी मला पटली. महाग पडते, पण टपाचं कापड बदलण्याच्या खर्चापुढं काहीच नाही.

कव्हर घालण्याआधी गाडी स्वच्छ हवी. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि संध्याकाळी घाईत सगळेच मोडतात. इथली धूळ एका जातीची नाही. खानापूरच्या वाटेवरची तांबडी माती पाण्यानं निघते. उद्यमबागेच्या आसपास फौंड्र्यांतला लोखंडी कण उडतो. तो रंगात रुतून गंजतो आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात. ते घासून काढायचे नाहीत. लोह काढणारा फवारा मारला की ते जांभळे होऊन विरघळतात, मग भरपूर पाणी. चिकोडी, संकेश्वर, गोकाक भागात गाळप हंगामात कारखान्याच्या चिमणीतून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी येते. ती हातानं किंवा फडक्यानं झटकली की फासली जाते, ब्लोअरनं उडवायची. धुणं शक्य नसेल त्या दिवशी कव्हर घालूच नये, एक रात्र उघडी गेलेली परवडते.

इंजिन बंद केल्यावर पाऊण तास थांबायचं. सायलेन्सरच्या तोंडाशी गरम असताना टेकलेलं कापड वितळून चिकटतं. घालताना मागून सुरुवात, आरसे खिशात बसवायचे, शेवटी नाक. काढताना दोन्ही बाजू मध्यावर दुमडायच्या आणि मग पुढून मागं गुंडाळी करायची, म्हणजे आतलं फ्लीस बाहेरच्या मळक्या बाजूला लागत नाही. वळकटी जमिनीवर टेकवलीत तर सगळं फुकट: फ्लीस वाळूचा एकेक कण उचलतं.

जून-जुलैच्या पश्चिमेच्या वाऱ्यात नुसतं इलॅस्टिक पुरत नाही. पोटाखालून दोन पट्टे लागतात, एक पुढच्या चाकांमागं, दुसरा मागच्या चाकांपुढं. गाडी इतकी बसकी की पट्टा हातानं पलीकडं जात नाही. इलेक्ट्रिकच्या फिटिंगचा २० मिमी पीव्हीसी पाईप घ्यायचा, टोकाला पट्टा बांधायचा आणि पलीकडं सरकवायचा. गुडघे टेकावे लागत नाहीत.

खरी कसोटी झडीत लागते. बेळगावात पाऊस बसला की चार-चार दिवस रिपरिप थांबत नाही, ऊन नाही, कव्हर वाळत नाही. ओलं कव्हर कापडी टपावर आठवडाभर राहिलं की बुरशीचे काळे ठिपके आणि आत कुबट वास. यावर मला दोनच गोष्टी लागू पडल्या. एक, दोन कव्हरं. एक गाडीवर, दुसरं व्हरांड्यात दोरीवर. दोन, उघडीप मिळाली की अर्ध्या तासासाठी का होईना कव्हर काढून टप सुकवणं. ओला टप दुमडून आत ढकलायचा नाही. टप आणि मागच्या काचेच्या खळग्यात पाणी साचलं तर कव्हर ओढून काढण्याआधी ते खालून उचलून पाणी सांडा. पत्र्याचं चार खांबी शेड उभारता येत असेल तर ते आधी उभारा, कव्हरचा विचार नंतर.

कव्हरखाली महिनाभर उभी राहणार असेल तर सपाट जागा, गिअर 'पी'मध्ये, चाकांना लाकडी ठोकळे आणि पार्किंग ब्रेक सोडलेला. दमटपणात पॅड डिस्कला धरून बसतात. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली उतरली की चार्जर लावायचा. उंदरांना कव्हर म्हणजे घरच, त्यामुळं आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून वायरी बघणं आलंच.

कव्हर धुताना गार पाणी आणि सौम्य साबण. कपडे मऊ करणारं द्रव घातलं की पाणी झटकण्याचा गुण जातो. सावलीत वाळवा. फ्लीसवर बोट फिरवल्यावर खरखर लागली किंवा बाहेरचा थर बोटाला पावडरीसारखा उतरला की ते गाडीवरून उतरवायचं आणि परसातल्या लाकडांवर टाकायचं.