डिकीतला जॅक निर्दोष सुटला

गेले पंधरा दिवस आमच्या २००९च्या गाडीतून 'खट्ट' असा आवाज येत होता. बायकोचं निदान: डिकीतला जॅक सैल झालाय. डिकी रिकामी केली. जॅक, स्टेपनी, दिवाळीपासून विसरलेली सतरंजी, सगळं बाहेर. आवाज आपला तिथंच!

आज सिंहगड रोडच्या मेकॅनिककाकांना शेजारी बसवून चक्कर मारली. काचा खाली, गाणी बंद. त्यांनी एकच विचारलं, "स्पीडब्रेकरवर येतो का खड्ड्यात?" तेव्हा कुठे लक्षात आलं. स्पीडब्रेकरवर गाडी गप्प, डावं चाक खड्ड्यात गेलं की खट्ट. "मग लिंक रॉड बघू." दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की अँटी-रोल बारला (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) पीळ पडत नाही, एकच चाक खाली गेलं की तो पिळला जातो आणि त्याला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या लिंक रॉडचा झिजलेला बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) बोलतो. चाक काढून रॉड हलवला, तर चक्क खुळखुळा!

नाना पेठेतून जोडी आणली (एकच बदलू नका म्हणाले, मी बापडा ऐकतो). तासाभरात काम फत्ते.

येताना मुद्दाम खड्डे शोधत आलो. पुण्यात त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. गाडी शांत. आता डॅशबोर्डची किरकिर ऐकू यायला लागलीये.