पीठ कालवलेलं पाणी

स्मरणिका समितीचा फोन आला, "शाळेनं तुला काय दिलं, त्यावर दोन पानं लिही." गणित फारसं दिलं नाही, हे माझी गुणपत्रिका पाहिलेले कुणीही सांगतील. मी लिहितोय ते मराठीच्या सरांबद्दल. नाव घालत नाही. त्यांना आवडायचं नाही, आणि आमच्या बॅचला सांगायची गरजही नाही.

आठवीत होतो, साल १९८४. मधली सुट्टी संपत आलेली, कबड्डीचा डाव रंगात आलेला आणि माझ्या डब्यात अर्धी भाकरी उरलेली. घरी नेली तर आई बोलणार, म्हणून ती पाण्याच्या टाकीमागं भिरकावली. सर तिथंच हात धूत होते.

ते ओरडले नाहीत. वाकून भाकरी उचलली, सदऱ्याच्या टोकानं पुसली, फुंकर मारली, एक बारीक खडा नखानं उकरून काढला. मग दोन तुकडे केले. एक माझ्या हातावर ठेवला, दुसरा स्वतः खाल्ला. उभ्यानं, कोरडाच. त्यांच्या दाताखाली माती कचकचल्याचा आवाज मला ऐकू आला. घंटा झाली तरी माझा तुकडा संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी मी रडगाणं गायला घरी गेलो, तर वडील हसायला लागले. "अरे, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही एकाच मस्टरवर होतो." कॉलेज अर्धवट टाकून गावी आलेले सर, माझे वडील आणि आपल्या शाळेचे शिपाईमामा, तिघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांसाठी फडक्यात बांधून घरी आणायची. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि घशाखाली उतरवायला पाणी लागायचं. आजी म्हणायची, बहात्तरला विहिरीत थोडंफार पाणी तरी होतं, कणगीत दाणा नव्हता.

एखादा शहाणा मुलगा हे ऐकून गप्प झाला असता. मी दुसऱ्या दिवशी सरांच्या तासाआधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मिलो'. वर्ग खदखदून हसला. पुढं दहावीपर्यंत सरांचं तेच नाव पडलं.

सरांनी फळा वाचला, पुसला नाही. त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून अश्वत्थाम्याची गोष्ट सांगितली. "कीर्तनात सांगतात, आईनं पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून दिलं. आदिपर्वात तसं नाही. तिथं ते पाणी बरोबरीची पोरंच देतात. आणि 'मी दूध प्यालो' म्हणून तो नाचायला लागला, की त्याला हसतात. हे द्रोण ऐकतो." मग द्रुपदाचा दरबार, जुन्या दोस्तानं केलेला अपमान, शिष्यांकडून मागितलेली गुरुदक्षिणा, अर्धं पांचाल, द्रुपदाचा यज्ञ, त्यातून निघालेला धृष्टद्युम्न. वाटीभर पिठाच्या पाण्याचा हिशेब युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणाच्या मानेवर पुरा झाला, असं सर म्हणाले.

जाता जाता त्यांनी प्रश्न टाकला. "सुदामाही दरिद्री. त्याचाही गुरुबंधू राजा. मग तो द्रोण का झाला नाही?" कुणीतरी उत्तर दिलं, कृष्ण चांगला होता आणि द्रुपद वाईट. सर म्हणाले, "निम्मेच गुण."

तो प्रश्न मला शाळेतच रोज दिसायचा, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. सर खडूचा तुकडा इतका लहान होईपर्यंत वापरायचे, की शेवटी फळ्यावर नखच घासायचं आणि आमच्या अंगावर काटा यायचा. निबंध पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायचे. आणि त्याच मस्टरवरचे, तीच मिलो खाल्लेले शिपाईमामा? त्यांच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. येईल त्या पोराच्या ओंजळीत ओतायचे, उरले तर कावळ्यांना टाकायचे. पगाराच्या दिवशी भजी आणून शिक्षकांना चारायचे. मामी कपाळावर हात मारायच्या. माझे वडील तिसऱ्याच तऱ्हेचे. जेवायला बसले की तोंडातून शब्द नाही.

म्हणून कादंबरीतला कंजूष म्हातारा भेटला, आणि लेखकानं दोन पानांत त्याचं उपाशी बालपण सांगून हात झटकले, की मी पुस्तक मिटतो. त्या लेखकाला शिपाईमामा भेटलेले नसतात.

गेल्या दिवाळीत सरांकडं गेलो होतो. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत. चहा झाल्यावर म्हटलं, "सर, त्या प्रश्नाचे उरलेले निम्मे गुण राहिलेत."

ते लगेच समजले. "द्रोण स्वतःची भूक विसरला असता रे. पोराला हसले, ते नाही विसरला."

"पण सुदाम्याचीही पोरं उपाशीच होती की."

"होती. त्यांना कुणी हसल्याचं कुठं आलंय?"

मग मला राहवलं नाही. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं बोललो. "सर, फळ्यावर ते मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. तुझा 'म' अजून तसाच आहे का, गाठ न मारलेला? दुसऱ्याच दिवशी वह्या तपासल्या होत्या मी."

"मग काही बोलला नाहीत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. बशीत बिस्किटाचा चुरा उरला होता, तो बोटानं गोळा करून माझ्याकडं सरकवला. "संपव तेवढं."

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८७