सुग्रीव रडतो तो सर्ग

वालीवध म्हटलं की सगळा वाद रामाच्या बाणावर होतो. झाडाआडून मारलं ते बरोबर की चूक? आमच्या नववीच्या वर्गात वादविवाद ठेवला तेव्हाही दोन्ही बाजूंची मुलं रामावरच बोलली. संस्कृतचे सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. शेवटी उठून त्यांनी विचारलं, "वाली पडल्यावर सुग्रीव काय म्हणाला, ते कुणी वाचलंय?" वर्ग गप्प. त्यानंतर जेव्हा जेव्हा ऑफ तास मिळाला, तेव्हा सर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक घेऊन येत आणि किष्किंधाकांड वाचून दाखवत. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा त्या तासांखेरीज दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. मायावी नावाच्या राक्षसाच्या मागे वाली बिळात शिरतो, सुग्रीवाला दाराशी थांबायला सांगतो. सुग्रीव वर्षाहून अधिक काळ तिथे उभा राहतो. मग आतून फेसाळ रक्त वाहत येतं, राक्षसाच्या आरोळ्या ऐकू येतात, भावाचा आवाज मात्र येत नाही. तो शिळा लावून बिळाचं तोंड बंद करतो, भावाला तिलांजली देतो, घरी येतो आणि मंत्री त्याला गादीवर बसवतात. वाली जिवंत परततो. सुग्रीव मुकुटासह त्याच्या पायांवर डोकं ठेवतो, राज्य परत घे म्हणतो. वालीचा विश्वास बसत नाही. तो भावाला नेसत्या वस्त्रानिशी हाकलतो आणि त्याची बायको रुमा ठेवून घेतो.

सर इथे थांबत. म्हणत, बघा, दुर्योधनाच्या मनात पहिल्यापासून पाप होतं. इथे कुणाच्या मनात होतं? एकानं रक्त पाहिलं, दुसऱ्यानं बंद दार पाहिलं. दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं. मला वाटतं, आपल्या पुराणांतल्या भावांच्या वैरात याच्याइतकं जिवाला लागणारं दुसरं वैर नाही. दोघे दिसायलाही इतके सारखे, की पहिल्या द्वंद्वात रामाला बाण सोडता आला नाही आणि दुसऱ्या वेळी सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीची वेल बांधावी लागली.

मरताना वाली धाकट्याला जवळ बोलावतो आणि म्हणतो, आपल्या दोघांना एकाच वेळी सुख मिळावं असं दैवातच नव्हतं रे. मग गळ्यातली सोन्याची माळ काढून त्याला देतो, मुलगा अंगद याला त्याच्या पदरात घालतो, आपली बायको तारा हिचा सल्ला मोडू नकोस असं बजावतो. आणि मग येतो चोविसावा सर्ग. ज्यानं भावाला मारवलं तोच ऊर फुटून रडतो. त्याला आठवतं, की वालीनं झाडाच्या फांदीनं आपल्याला झोडपलं, आपण कण्हत पडलो, तेव्हा त्यानंच समजूत घालून सांगितलं होतं, पुन्हा असं करू नकोस. ठार मारणं त्याच्या हातात होतं, पण त्यानं मारलं नाही. पुढचा श्लोक सरांनी फळ्यावर लिहून दिला होता :

भ्रातृत्वमार्यभावश्च धर्मश्चानेन रक्षितः ।
मया क्रोधश्च कामश्च कपित्वं च प्रदर्शितम् ॥

भाऊपण, सज्जनपणा आणि धर्म यानं सांभाळला. मी दाखवला तो राग, हाव आणि माकडपणा. जिंकलेला माणूस हे बोलतोय. राज्य मिळालं, बायको परत मिळाली, आणि तो म्हणतो मला अग्नीत प्रवेश करू द्या.

माझा दादा याच शाळेत माझ्या पुढे दोन इयत्ता होता. वक्तृत्वाच्या ढाली त्याच्या, गणितातले पैकीच्या पैकी त्याचे. मी वर्गात उभा राहिलो की "तू त्याचा भाऊ ना?" हे ठरलेलंच. ते किती टोचतं, ते धाकट्यांनाच ठाऊक. या सरांनी मला एकदाही तसं विचारलं नाही. उलट तो श्लोक आधी मला पाठ करायला लावला. घरी म्हणत होतो तेव्हा दादानं शेजारी बसून माझे उच्चार दुरुस्त केले. आजही आम्हा दोघांना तो तोंडपाठ आहे.

पुढे सरांनी वाट दाखवली ती महाभारताकडे. युद्ध संपल्यावर गंगेवर मृतांना पाणी देताना कुंती सांगते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला. शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर नारदांजवळ मन मोकळं करतो, आणि तिथला तपशील मला अजून अस्वस्थ करतो. द्यूतसभेत कर्णाचे कठोर शब्द ऐकून आपल्याला संताप येई, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की तो शांत होई, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे वाटत. असं का, याचा त्यानं शोध घेतला, पण कारण काही सापडलं नाही. रक्ताची ओळख पटत होती आणि समजत नव्हती! एवढं मोठं युद्ध त्या न सापडलेल्या उत्तरावर उभं आहे असं मला वाटतं.

वर्गात माझ्या बाकावर एक ख्रिस्ती मित्र बसायचा. सरांनी त्याला मुद्दाम विचारलं, तुमच्याकडे भावांच्या गोष्टी आहेत का? दुसऱ्या दिवशी तो घरचं मराठी बायबल घेऊन आला. काइन आणि हाबेलची गोष्ट आम्ही भरभर ऐकली, पण याकोब आणि एसावनं आम्हाला धरून ठेवलं. मसुरीच्या आमटीसाठी विकलेला ज्येष्ठत्वाचा हक्क, आंधळ्या बापाला फसवून घेतलेला आशीर्वाद, मग पळून जाऊन परमुलखात काढलेली २० वर्षं. परतताना कळतं, की थोरला ४०० माणसं घेऊन समोरून येतोय. याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो आणि एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो. सर म्हणाले, "सुग्रीवाला जे वाली मेल्यावर उमगलं, ते यांना जिवंतपणी मिळालं." मित्राला त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो.

पण सरांचा सर्वात आवडता भाग पुढे, किष्किंधाकांडाच्या शेवटी होता. सीतेच्या शोधाची महिन्याची मुदत टळून गेली आहे, अंगदाला परतायची भीती वाटते. तो उघड बोलतो, ज्यानं राखणीला ठेवलेलं असताना भावावर बिळाचं तोंड बंद केलं, त्याला धर्म काय कळणार? म्हणजे दोन भावांचं वैर मुलापर्यंत आलंच. वानर उपाशी मरायचं ठरवून समुद्रकाठी दर्भावर बसतात. नेमका तिथेच संपाती हा म्हातारा, पंख जळालेला गिधाड येतो. वानरांच्या तोंडून जटायूच्या वधाची गोष्ट ऐकून तो हादरतो. जटायू त्याचा धाकटा भाऊ.

या दोघांमध्येही चढाओढ होती. कोण जास्त उंच उडतो, या ईर्ष्येनं दोघे सूर्याकडे झेपावले होते. धाकटा उन्हानं कासावीस झाला तेव्हा थोरल्यानं त्याच्यावर आपले पंख पसरले. संपातीचे पंख जळाले, तो विंध्यावर कोसळला, आणि दोघांची पुन्हा कधी भेट झाली नाही. आता तो वानरांना विनवतो, मला समुद्रापाशी न्या, भावाला पाणी देऊ द्या. वालीचा मुलगा आणि त्याचे सोबती त्याला उचलून नेतात.

सर आज नाहीत. दादानं आणि मी मिळून वाल्मीकिरामायणाची मराठी अर्थासह प्रत शाळेच्या ग्रंथालयाला दिली आहे. नववीच्या मुलांचा वादविवाद पुन्हा ठेवणार असाल, तर विषय अंगदाचा ठेवा : त्यानं काकावर विश्वास ठेवावा की नाही? मी मागच्या बाकावर बसून ऐकायला येईन, दादालाही घेऊन येईन.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८७