येझदी २५०: धूर, ऑइल सील आणि वस्ताद

गाडी माझी नेहमीचीच. रोडकिंग मॉडेलच्या आधीची येझदी मोटरसायकल, टूस्ट्रोक इंजिन, सहा व्होल्टची वायरिंग. या वेळचं काम धुराचं होतं. त्यात माझ्या गॅरेजवाल्या गुरूंचा, वस्तादांचा विषय निघणारच, कारण या कामातली प्रत्येक पायरी त्यांच्या शिव्या खात शिकलेली आहे. वस्ताद गेल्या पावसाळ्यात गेले. कोल्हापूरच्या जुन्या जावा-येझदीवाल्यांना नाव सांगायची गरज नाही, आणि त्यांना स्वतःला नाव छापून आलेलं अजिबात चाललं नसतं.

आधी लक्षणं. गाडी तापल्यावर दोन्ही सायलेन्सरांतून पांढरट धूर, तो थांबायचं नाव नाही. मिश्रण नेहमीचंच, लिटरभर पेट्रोलला ४० मिली टूटी (टूस्ट्रोक इंजिनचं ऑइल). प्लग ओला, काळा. ज्याला विचारावं तो म्हणे, हाफ इंजिन करून टाक, म्हणजे बोअर मारून (सिलेंडर आतून कोरून) पिस्टन बदल. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांची वसाहत, हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोअर मारणं हा सगळ्या रोगांवरचा उतारा झालाय.

वस्तादांकडे कुणी असा धूर घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. ‘गिअरबॉक्सचं ऑइल मोजलंस?’ समोरचा गप्प. ‘मग हितं काय कराय आलाईस? जा, मोजून ये. डोस्कं खाऊ नगंस.’ आणि पाठ फिरवून कामाला लागत. माणूस चिडून जाई, पण ऑइल मोजून परत येई. तोवर त्याच्यासाठी चहा सांगितलेला असे.

प्रश्न असा की टूस्ट्रोकच्या क्रँककेसला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीला, दोन्ही बाजूंनी सील (ऑइल-हवा अडवणारी रबरी कडी) असतात. आपल्या गाडीत डावीकडे क्लच आणि प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी) गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये बुडालेली, उजवीकडे डायनामो आणि पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच). डावं सील गेलं की इंजिन ते ऑइल ओढून जाळतं. धूर वाढतो, गिअरबॉक्स रिकामा होत जातो. उजवं गेलं तर उलट: इंजिन हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, आणि पिस्टन तापून सिलेंडरमध्ये अडकायची भीती. धूर बघून बोअर मारणारा माणूस यातलं काहीच बघत नाही. माझ्या गाडीचं ऑइल मोजलं, चांगलंच उतरलेलं होतं. बोअरला हात लावला नाही.

डावं सील बदलायला इंजिन फोडावं लागत नाही, फ्रेममध्ये असतानाच होतं. कव्हर काढा, क्लच प्लेट काढा. प्रायमरी चेन अखंड असते, म्हणून पुढचं स्प्रॉकेट (दात्यांचं चाक) आणि क्लचचा डबा एकदमच बाहेर ओढावे लागतात. स्प्रॉकेट निमुळत्या टोकावर (टेपरवर) घट्ट बसलेलं असतं, त्याला ओढून काढायचं हत्यार, पुलरच पाहिजे. पेचकस घालून उचकटणाऱ्यांना वस्ताद काय म्हणत ते इथं लिहिता येणार नाही. जुनं सील दगडासारखं कडक झालं होतं. नवीन बसवण्याआधी त्याच्या आत जो दांडा फिरतो त्यावरून नख फिरवून पाहिलं. खाच लागली असती तर नवं सीलही टिकलं नसतं. सुदैवानं गुळगुळीत निघालं.

नवं सील वस्तादांच्या डब्यातलं. येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हापासून ते जुना माल गोळा करत आले होते. तो विकायचे नाहीत. ‘गाडी घेऊन ये, बसवतो’ एवढंच. पैसे देऊन डबाभर सामान मागणाऱ्याला हाकलून दिलेलं मी पाहिलंय, आणि राजदूतवर दुधाच्या किटल्या बांधून येणाऱ्या गवळ्याचं काम रात्री कंदिलावर करून दिलेलंही पाहिलंय. ‘दूध सकाळपतूर थांबतंय व्हय?’

उधारी ते गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर खडूनं लिहीत. दाराच्या बाहेरच्या बाजूला. जूनमध्ये पाऊस लागला की सगळी उधारी गगनबावड्याच्या ढगांबरोबर वाहून जायची, आणि त्यांनी ती परत लिहिलेली कुणाला आठवत नाही. दाराला आतली बाजू होती, कोरडी होती. मला तरी हा निव्वळ वेंधळेपणा वाटत नाही. जो पोऱ्या दिवसभर त्यांच्या शिव्या खायचा, त्याच्या आयटीआयची फीही त्यांनीच भरली. आता गॅरेज तो चालवतो. शिव्या कमी देतो, पण पाना जमिनीवर ठेवलेला त्यालाही चालत नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारच्या जावा दिवसाची, म्हणजे जावा-येझदीवाल्यांच्या मेळाव्याची, ते टिंगल करायचे. ‘गाड्या वळीनं हुब्या करून फोटू काढाय सुट्टी घेत्यात.’ तरी दरवर्षी यायचे, खिशात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि सिगारेटचा पातळ कागद घेऊन, आणि ज्याची गाडी फटफटत असेल त्याचे पॉइंट न विचारता लावून द्यायचे. कागद पॉइंटमध्ये धरून इंजिन हातानं फिरवायचं, कागद सैल झाला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. आधी पॉइंटमधली ०.४ मिमी गॅप, मग टायमिंग (ठिणगीची वेळ). उलट केलं तर गॅप बदलताच टायमिंग हलतं. मीही याच क्रमानं लावलंय.

जोडताना वेळ गेला तो क्लचच्या सेटिंगला. गिअरचा दांडा हलला की आतून क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे थोडा फ्री प्ले (सैलपणा) ठेवावाच लागतो. जास्त ताणला तर चढावर प्लेट घसरतात. कळे गावापर्यंत जाऊन आलो: धूर सुरुवातीला होता, कारण सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळत होतं. परत येताना जवळजवळ गेला. ऑइलची पातळी जागेवर. प्लग कोरडा, कॉफीच्या रंगाकडे झुकलेला.

पुढचं काम सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून कार्बन साफ करणं, मग वायरिंग. उजवं सीलही तेवढंच जुनं असणार, त्यामुळे डायनामो उतरवेन तेव्हा तेही बदलून टाकेन. पोऱ्या म्हणाला, डब्यात एक शिल्लक आहे, गाडी घेऊन ये.