तुम्ही विचारलंत म्हणून : पाणी नितळ असताना तळ्यात दर आठवड्याला हात कशाला?

परसातलं माशांचं तळं बघायला येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ‘पाणी तर तळ दिसण्याइतकं स्वच्छ आहे, मग दर आठवड्याला ही खटपट कशासाठी? वर्षातून एकदा सगळं उपसून, घासूनपुसून घेतलं की पुरे नाही का?’

पुरत नाही. उलट, ती वर्षातली एक धुलाईच माशांच्या जिवावर उठते.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. त्यात विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून आणखी भर पडते. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे नितळ पाण्यातही मासे गुदमरू शकतात. त्यांना वाचवतात ते जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी सौम्य असतं, ते थोडं वनस्पती शोषतात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढून टाकायचं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, दगड, तळ्याच्या भिंती अशा पृष्ठभागांना ते चिकटून राहतात. म्हणजे हौसेनं सगळं घासून लख्ख करणारा माणूस नेमकी हीच वसाहत धुऊन टाकतो. ती पुन्हा उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि तोवर मासे स्वतःच्याच घाणीत पोहत राहतात. नव्या तळ्यात पहिल्या महिन्यात मासे पटापट मरतात ते याच कारणानं. दोष मात्र बिचाऱ्या मासेविक्याच्या माथी मारला जातो.

म्हणून थोडं थोडं, पण न चुकता. दर आठवड्याला 10 ते 20 टक्के पाणी काढायचं, शक्यतो तळाशी नळी लावून, म्हणजे गाळही सोबत निघतो. नुसती भर घालून भागत नाही. उन्हानं पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार आणि नायट्रेट तळ्यातच राहतात. वरून कितीही पाणी ओतलं तरी ते साठतच जातात.

नळाचं पाणी थेट सोडू नका. त्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं आणि जिवाणूही मारतं. साधं क्लोरीन उघड्या भांड्यात एखाददोन दिवस ठेवलं की उडून जातं. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर मात्र ते तसं जात नाही, क्लोरीन काढणारं औषध वापरावं लागतं. हाच नियम फिल्टरला. स्पंज पिळायचा तो तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली कधीच नाही. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा. धुतल्यावर तो थोडा मळकट दिसला तरी चालेल. मला तर तसाच आवडतो.

उन्हाळ्यात लक्ष जास्त द्यावं लागतं. 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यातच रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू खातात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणारे लोक मी पाहिलेत. बचत करायचीच असेल तर ती दुसरीकडे कुठेतरी करा. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर खाद्य थांबवून आधी पाणी खळखळतं करा.

चाचणीच्या किटनं अमोनिया आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) तपासायचे तर दुपारी तपासा. शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारपर्यंत पीएच चढतो. पीएच एका अंकानं चढला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. सकाळी निर्धोक वाटलेला आकडा दुपारी तसा राहीलच असं नाही. पडलेली पानं तेवढी रोज जाळीनं काढा, बुडून कुजण्याआधी.

आणि खाद्य. चार-पाच मिनिटांत संपेल तेवढंच घाला. मासे नेहमीच भुकेलेले दिसतात, त्यांच्या तोंडाकडे बघून हात सैल सोडू नका. आठवडाभर बाहेरगावी जायचं असेल तर शेजाऱ्यांना दाणे देऊन जाऊ नका. मोठे, धडधाकट मासे तेवढे दिवस आरामात उपाशी काढतात. पंप चालू आहे ना, एवढंच रोज डोकावून बघायला सांगा.