थळघाट चढून निवृत्तिनाथांच्या दारी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आमची दिंडी खालून येते, कसाऱ्याहून. सह्याद्री चढूनच नाथांच्या दारी जायचं. काकडा आटोपून अंधारातच घाटाला लागलो. पुढं पताका, मग टाळकरी, विणेकरी, मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. चढ उभा झाला की चाल आपोआप संथ होते, नुसतं ‘ज्ञानोबा-तुकाराम’ उरतं.

कसारा घाट म्हणजेच जुना थळघाट. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे याच अंगानं नाशिककडं चढायचे. आज इथं काळाचे थर एकावर एक दिसतात. पलीकडं 1865 चा रेल्वेमार्ग. त्याचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. आपल्या बाजूला महामार्गाचे ट्रक कण्हत चढतात. आणि डोंगराच्या पोटातून 2025 साली खुला झालेला समृद्धी महामार्गाचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा. त्यातून मोटार काही मिनिटांत पार होते. आम्हाला अख्खी सकाळ लागते, आणि मला ती सकाळच हवी असते. उंची काय असते ते पोटऱ्यांना कळल्याशिवाय घाटमाथ्याचं वारं अंगाला लागत नाही.

माथ्यावर घाटनदेवी, घाटाची राखणदार. इथं दिंडी टेकते, ट्रकवालेही नारळ वाढवतात. इगतपुरीत लोक गुळाचा चहा घेऊन रस्त्यावर उभे होते. ‘घ्या माउली’ म्हणत एका आजींनी माझ्या हातात पेला दिला आणि उलट माझ्याच पायाला हात लावला. संकोचून मी खाली वाकलो.

मला तिथं पांडवलेणी आठवली. नाशिकच्या त्या डोंगरातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. आपण केलेल्या दानांची त्यात यादी आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं वाटसरूंसाठी चौसोपी विश्रामगृहं. गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकचाच परिसर, शूर्पारक म्हणजे सोपारा. आम्ही चढलो त्या वाटेची ही दोन टोकं. पुढं तापी, दमण, डहाणूसारख्या सहा नद्यांवर फुकट नावा, आणि काठांवर निवारे नि पाणपोया. विहिरी आणि तळी वेगळीच. सावली, पाणी आणि नदीपलीकडं पोचवणारा माणूस हे सगळं मिळून रस्ता होतो, हे त्या काळच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. वारीत ते अजून जिवंत आहे. महामार्गावर मात्र पायी चालणाऱ्याला पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गटाराच्या कडेनं जावं लागतं. या वाटेनं दरवर्षी म्हातारी माणसं चालतात. त्यांच्यासाठी मुरमाची एक पट्टी, थोड्या थोड्या अंतरावर वडाचं झाड आणि पाण्याचा नळ एवढं तरी आखायलाच हवं.

घोटीला महामार्ग सुटला. वैतरणेच्या बाजूनं रस्ता भाताच्या रिकाम्या खाचरांतून जातो. मुक्कामी नागलीची भाकरी, पिठलं, शेकोटी. रात्री हरिपाठानंतर महाराजांनी सांगितलं, इथली वैतरणा पश्चिमेला समुद्राकडं जाते आणि पलीकडच्या ब्रह्मगिरीवरची गोदावरी पार पूर्वेच्या समुद्राकडं.

पहिने सोडल्यावर ब्रह्मगिरी समोर आला. विठ्ठलपंत मुलाबाळांसह याच डोंगराची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरले आणि तिथं गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. निवृत्तींनी ज्ञानदेवांना उपदेश केला आणि पुढं सगळा संप्रदाय वाढला. ऐकलेलीच कथा, पण तो कडा डोळ्यांपुढं असताना ऐकली तेव्हा घसा दाटून आला.

त्र्यंबकात दिंड्यांची दाटी होती. निवृत्तिनाथांनी 1297 मध्ये जिथं समाधी घेतली, तिथं क्षणभर डोकं टेकायला मिळालं. बाहेर जव्हारकडून आलेली एक दिंडी भेटली. सुरतेच्या 1664 च्या स्वारीत शिवाजी महाराज जव्हारच्या शिरपामाळावर थांबले होते, असं त्यांच्यातल्या एका काकांनी अभिमानानं सांगितलं. मोखाड्यावरून चढणारी त्यांची वाट मी अजून चाललेलो नाही. ‘पुढच्या पौषात आमच्यात या,’ काका म्हणाले, आणि मी आमच्या विणेकऱ्यांची परवानगी तिथंच मागून घेतली.